सोलापूरहून परदेशात स्कायडायव्हिंग: लायसन्ससोबत काय काय लागतं

लायसन्स असलं की कुठेही उडी मारता येते, हा समज परदेशातल्या ड्रॉप झोनच्या (उड्या मारायच्या केंद्राच्या) मॅनिफेस्टवर, म्हणजे नोंदणीच्या काउंटरवर, दोन मिनिटांत दूर होतो. काउंटरवरचा माणूस कार्ड उलटसुलट करून बघतो आणि लगेच विचारतो, शेवटची उडी कधी मारली? सोलापूरकर नेमके इथेच अडतात. जवळपास ड्रॉप झोन नाही, त्यामुळे दोन उड्यांमध्ये पाच-सहा महिने सहज निघून जातात.

आपल्याकडे अनेकांचं लायसन्स यूएसपीए या अमेरिकन संघटनेचं असतं. ‘ए’साठी किमान 25 उड्या, ‘बी’साठी 50, ‘सी’साठी 200 आणि ‘डी’साठी 500. सदस्यत्वाची वर्गणी थकली, तर हे कार्ड चालत नाही. त्याशिवाय ‘ए’वाल्याचा 60 दिवस, ‘बी’वाल्याचा 90 दिवस आणि ‘सी’-‘डी’वाल्यांचा सहा महिने खंड पडला, तर आधी उजळणी आणि देखरेखीखालची उडी. ड्रॉप झोनचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात. तेव्हा पहिला दिवस आणि त्याचा खर्च उजळणीसाठी धरूनच तिकीट काढा.

ऑस्ट्रेलियात एपीएफ या तिथल्या संघटनेचं आणि ब्रिटनमध्ये ब्रिटिश स्कायडायव्हिंगचं सदस्यत्व वेगळं घ्यावं लागतं. जर्मनीसारख्या देशात तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा मागतात. नेहमीची प्रवास विमा पॉलिसी इथे बहुधा कामाची नसते. तिच्या अपवादांच्या यादीत स्कायडायव्हिंग आहे का ते वाचा.

नावाचाही घोळ होतो. पासपोर्टवर आपल्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, लायसन्सवर मात्र नुसतं नाव-आडनाव. दोन्हीकडे एकच नाव करून घ्या. लॉगबुक (उड्यांची नोंदवही) इंग्रजीत भरलेलं आणि सह्यांसकट हवं. ते मूळच न्या, फोनमध्ये फोटोही ठेवा.

स्वतःची रिग (पाठीवरचा पॅराशूटचा पूर्ण संच) न्यावी का? 50 उड्यांच्या आत असाल तर नको, भाड्याने घ्या. वजन मात्र खरं सांगा. तुम्ही 75 किलो आणि अंगावरचं सामान 12 किलो, म्हणजे 87 किलो, साधारण 192 पौंड. नवख्याने कॅनोपीच्या (पॅराशूटच्या छत्रीच्या) एका चौरस फुटाला एक पौंडाच्या वर जाऊ नये, त्यामुळे 190 चौरस फुटांची कॅनोपी अगदी काठावर येते. 210 ची मागा.

रिग नेणारच असाल, तर रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) पॅक केल्याची तारीख बघा. अमेरिकेत तिथल्या नायलॉन रिझर्व्हला 180 दिवसांची मुदत असते, इतर देशांत ती वेगळी असते. रिझर्व्हच्या पिनेवरचा लाल दोरा आणि बारीक सील नीट बघून घ्या. विमानतळावर तपासणीत कुणी फ्लॅप उघडून ओढाओढ केली आणि सील तुटलं, तर रिगरने (पॅराशूट पॅक करणाऱ्या परवानाधारकाने) पुन्हा पॅक करेपर्यंत तुमची रिग जमिनीवरच. म्हणून डेटा कार्ड (पॅकिंगच्या नोंदीचं कार्ड) आणि एएडीचं (ठरलेल्या उंचीवर रिझर्व्ह आपोआप उघडणाऱ्या यंत्राचं) माहितीपत्रक वरच्याच कप्प्यात ठेवा आणि बॅग तुमच्या समोरच उघडायला सांगा. केबिन बॅगेची मर्यादा अनेकदा 7 किलो असते आणि रिग 10 ते 12 किलो भरते, म्हणून विमान कंपनीकडून आधीच लेखी उत्तर घ्या. मुंबईपर्यंत सिद्धेश्वर एक्स्प्रेस बरी. गाडीने जात असाल, तर एप्रिल-मेच्या उन्हात रिग डिकीत ठेवू नका.

मुंबई विमानतळावर निघण्यापूर्वी कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या. त्यावर कंटेनर (पाठीवरची पिशवी), दोन्ही कॅनोपी आणि एएडी यांचे अनुक्रमांक लागतात. ते नसेल, तर परतताना तुमच्याच रिगवर ड्युटीचा वाद होऊ शकतो.

एएडी ड्रॉप झोनवर पोहोचल्यावरच चालू करा. सुरू करताना ते तिथली जमीन शून्य धरतं. हॉटेल ड्रॉप झोनपेक्षा 200 मीटर खाली असेल आणि तिथेच बटण दाबलंत, तर 225 मीटरला सुटायचं ते खऱ्या जमिनीपासून जेमतेम 25 मीटरवर सुटेल.

आणि ब्रिटन सोडला, तर युरोपात बहुतेक ठिकाणी फूट विसरा. विमानात उंची मीटरमध्ये सांगतात: 4,000 मीटर म्हणजे साधारण 13,000 फूट. ‘ए’वाल्याची 3,000 फुटांची कॅनोपी उघडण्याची किमान उंची तिथे सुमारे 900 मीटर होते. अल्टिमीटर मीटरचा घेतलात, तर आकडे आदल्या रात्रीच पाठ करा. विमानात बसण्याआधी उतरण्याचा पॅटर्न, डावं वळण की उजवं, नकाशावर बोट ठेवून दाखवून घ्या.