दोन इंजिनांची बोट धक्क्याला लावताना

मांडवीत, बेतीच्या बाजूला मी दोन इंजिनांची बोट शिकलो. पहिले तीन दिवस काकांनी मला चाकाला हात लावू दिला नाही. ‘चाक सरळ ठेव आणि दोन लिव्हरांवरच बोट फिरव,’ एवढंच सांगायचे; प्रत्येक इंजिनाला आपला एक लिव्हर असतो. तेव्हा राग यायचा. आता कुणी शिकायला आलं की मीही तिथूनच सुरुवात करतो.

उजवं इंजिन पुढे आणि डावं मागे टाकलं की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, डावीकडे वळते. उलट केलं की उजवीकडे. मागे टाकलेला पंखा पुढच्याइतका जोर देत नाही, म्हणून त्याला थोडा जास्त थ्रॉटल द्यावा लागतो, नाहीतर बोट फिरता फिरता पुढे सरकत राहते. पुढून मागे जाताना न्यूट्रलवर क्षणभर थांबायचं, गिअरबॉक्स त्यानेच टिकतो. बाहेर लावलेली आउटबोर्ड इंजिनं एकमेकांच्या जवळ असतात, त्यामुळे ती बोट सावकाश वळते. आत बसवलेल्या इंजिनांचे शाफ्ट, म्हणजे पंख्याचे दांडे, एकमेकांपासून लांब असतात, ती बोट पटकन वळते.

धक्क्याला लावायची म्हणजे आधी पाणी बघायचं. मी ते एकदा विसरलो. ओहोटी जोरात होती आणि मी प्रवाहाच्या दिशेनेच धक्क्याकडे निघालो. लिव्हर मागे ओढले, तरी धक्क्याचे खांब सरसर मागे पळत होते. बोट आडवी झाली आणि मागची बाजू टायर नसलेल्या खांबावर घासली. खांबाला कालवं चिकटलेली; त्यांनी रंगावर हातभर लांब ओरखडा काढला. सोबतचा मुलगा पाय लावून बोट अडवायला धावला, तेव्हा काका जन्मात ओरडले नसतील इतके ओरडले. बोट आणि धक्का यांच्यामध्ये हातपाय कधीही घालायचा नाही. बोटीच्या कडेला लटकवलेली गादी, फेंडर, असतो कशाला?

आता मी आधी दूर थांबून न्यूट्रलमध्ये बोट कुठे वाहतेय ते बघतो. उत्तर काठावर ओहोटी असेल तर तोंड पूर्वेला, रायबंदरकडे, म्हणजे प्रवाहासमोर, आणि धक्का डाव्या हाताला. दुपारी खारा वारा मागून ढकलतो, तेही धरायचं. पंचवीस-तीस अंशांच्या कोनात, गिअर टाकत-काढत यायचं. फेंडर आणि दोर आधीच तयार. धक्का बोटीच्या रुंदीएवढा उरला की धक्क्यापासून दूरचं, म्हणजे उजवं इंजिन मागे टाकायचं. बोट थांबते आणि मागची बाजू धक्क्याकडे सरकते. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा फेंडर टायरला टेकल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

जमत नसेल तर वळून परत यायचं. फेरीबोटीची लाट येत असेल तरी थांबायचं.

निघताना ओहोटी मदत करते. मागच्या बाजूचा दोर धक्क्यावरच्या पुढच्या खुंट्याला ठेवून नाळेचा सोडला की नाळ आणि धक्का यांच्यात पाणी शिरतं, नाळ आपोआप उघडते. मागे एक फेंडर हवा.

किल स्विचची (दोरी ओढली गेली की इंजिन बंद करणारा) दोरी मनगटाला, लाइफ जॅकेट अंगात. रीतसर शिकायचं असेल तर गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. परवान्याचं पणजीत बंदर कप्तान खात्यात विचारा. आणि जाताना शक्यतो सकाळी वारा पडलेला असताना सरावाला जा, पंधरा-वीस वेळा नुसतं लावा आणि काढा.