कायदा जिथे अडतो, तिथेच रियाज करा

तबल्याच्या रियाजात बहुतेक जण कायदा (ठरावीक बोलांची, विस्तार करता येणारी रचना) पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत राहतात. बसलेले बोल आणखी बसतात आणि हात जिथे अडखळतो तो तुकडा दर आवर्तनात तसाच कच्चा निघून जातो. तो तुकडा सुटा काढा.

दिल्ली घराण्याचा सर्वपरिचित कायदा घ्या: धाधा तिट धाधा तिंना, ताता तिट धाधा धिंना. उत्तरार्धात 'ताता तिट'ला डग्गा (डाव्या हाताचं, खर्जाचं वाद्य) गप्प असतो आणि लगेच 'धाधा'वर त्याने मोकळं बोलायचं असतं. नवशिक्यांचा डग्गा इथे उशिरा येतो, नाहीतर दबका वाजतो. म्हणून फक्त 'तिट धाधा' घ्या. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर, मात्रेला दोन बोल. आधी तोंडाने पढंत, मग हात.

सलग दहा वेळा स्वच्छ आलं की लय चार-पाचने वाढवा. बोल फुटू लागले की एक पायरी मागे या आणि तिथेच काम करा. जमतं त्याच लयीत तासभर वाजवायला छान वाटतं, पण हात पुढे सरकत नाही. मनगट किंवा खांदा आखडला तर मात्र थांबाच; ताणलेल्या हाताला चुकीची सवय लागते आणि ती मोडायला फार वेळ जातो.

मधूनमधून मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. वाजवताना न जाणवलेला दबका डग्गा ऐकताना लगेच कळतो. तुकडा सुटला की पूर्ण कायद्यात परत घाला, लेहऱ्यावर (आवर्तन दाखवत पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या धुनेवर), आधी बरोबरीत, म्हणजे मूळ लयीत, आणि मग दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत.