भिंतीवरचा तळहाताएवढा कोळी न मारता बाहेर कसा काढायचा

रात्री बाथरूमचा लाईट लावला आणि समोर भिंतीला हा एवढा मोठा कोळी चपटा चिकटलेला, कोकणात घर असेल तर हे काय नवीन नाही. आमच्याकडे चिपळूणला पावसाळ्यात तर नेमाने येतो.

याला हंट्समन म्हणतात, शास्त्रीय नाव हेटेरोपोडा वेनाटोरिया. पाय पसरले की ७ ते १२ सेंटीमीटर भरतो, आणि पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले असतात म्हणून अंगाने चपटा, दाराच्या फटीतून आरामात आत येतो. हा शिकारीसाठी जाळं विणत नाही, रात्री फिरून झुरळं पकडतो. म्हणजे तो घरात आलाय याचा अर्थ बऱ्याचदा झुरळं आधीच आलीयत, आणि म्हणूनच आई म्हणते राहू दे की बिचारा. मला मात्र आंघोळ करताना तो डोक्यावर नको असतो.

तर पहिलं म्हणजे झाडू उचलू नका. झाडू उगारला की तो कुठे पळेल सांगता येत नाही, माझ्या तर एकदा दांड्यावरूनच हाताकडे आला होता, मी झाडू टाकून बाहेर. स्प्रे पण नको, मारला की सैरावैरा पळत कपाटामागे जाऊन मरतो आणि तुम्ही रात्रभर विचार करत बसता कुठे गेला.

पाण्याचा ग्लास याला पुरत नाही. सगळे तिथेच चुकतात, ग्लासच्या कडेखाली पाय चिरडतात. रुंद तोंडाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्या, फराळाचा असतो ना तसला, आणि एक जाड पुठ्ठा, कॅलेंडरचा चालेल. समोरून अगदी हळू जायचं, शेवटचे चार बोटं अंतर राहिलं की डबा पटकन टेकवायचा. मग डबा किंचित उचलून पुठ्ठा हळूहळू सरकवायचा, पाय मध्ये आला तर थांबायचं, तो स्वतःच आत घेतो. पुठ्ठा दाबून धरा हां, गुळगुळीत प्लॅस्टिकवर पण हा सहज चढतो.

पोटाखाली पांढरट चपटी गोल टिकली धरलेली दिसली तर ती मादी आहे, आत शंभराच्या वर अंडी असतात. तिला चप्पल मारायच्या भानगडीत तर पडूच नका, तशीच डब्यात घ्या. आणि कोपऱ्यात मेलेला वाटला, उचलल्यावर पोकळ निघाला, तर ती नुसती कात.

चावतो का? उगाच नाही, हातात दाबला तर चावतो, दुखतं, सुजतं, पण निरोगी माणसाला धोका नसतो. साबणपाण्याने धुवा, बर्फ लावा, त्रास वाढला तर डॉक्टर. अंगावर कोळी फिरला म्हणून पुरळ उठलं असं आपल्याकडे म्हणतात, त्यात बऱ्याचदा दोषी असतो तो लाल-काळा बारीक किडा, जो झोपेत अंगावर चिरडला की कातडी भाजल्यासारखी होते, नाहीतर मग ती नागीण असते.

सोडताना लाकडाच्या ढिगाजवळ नाहीतर झाडाच्या बुंध्याशी सोडा, दारातच सोडलात तर सकाळी परत हजर. दाराखाली रबरी पट्टी लावा, बाथरूमच्या खिडकीला जाळी, आणि बाहेरचा बल्ब रात्रभर चालू ठेवू नका, किडे येतात की त्यांच्यामागे हा येतो.

आमच्या डब्यावर मी मार्करने मोठ्ठं ‘कोळी’ लिहून ठेवलंय, नाहीतर दिवाळीत आई त्यात चकल्या भरायची.