कोकरांच्या हंगामात मेंढरं आणि राखणीचं कुत्रं कसं सांभाळावं

मेंढी साधारण १५० दिवस गाभण राहते. जूनच्या पावसात लागलेली मेंढी नोव्हेंबरच्या थंडीत विते, आणि त्याच हिवाळ्यात माळावरची लांडगीही पिल्लं घालते. वाड्यावर, म्हणजे मेंढपाळाच्या मुक्कामी, कोकरं ओलीच असतात तेव्हाच लांडग्याच्या बिळातही खाणारी तोंडं वाढलेली असतात. म्हणून नव्याने मेंढरं पाळणाऱ्याला मी आधी एकच गोष्ट सांगतो: हंगाम तोंडावर आल्यावर कुत्रं शोधायला निघू नका.

आम्ही माणदेशातले. एका वर्षी आमचं जुनं कुत्रं गेलं, म्हणून ऐन हंगामात ओळखीच्यांच्या शेतावरचं मोठं कुत्रं आणलं. कुत्रं चांगलं होतं, पण मेंढरांत वाढलेलं नव्हतं. चौथ्या रात्री एक पहिलारू मेंढी व्याली. कोकरू अजून उभं राहिलं नव्हतं, तोवर हे कुत्रं हुंगायला जवळ गेलं. मेंढी बिथरली आणि वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या कुंपणाच्या, दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. पहाटे आम्ही उठलो तेव्हा कोकरू थंड पडलं होतं, अंगावरचा चिकट पडदाही तसाच होता. कुत्र्याने त्याला दातसुद्धा लावला नव्हता. चूक आमची होती.

पिल्लू लहानपणीच मेंढरांत घाला

राखण करणाऱ्या कुत्रीचं, दीड-दोन महिन्यांचं पिल्लू घ्या. या वयात ते ज्यांच्यात राहील त्यांना आपलं मानतं. त्याला घराच्या ओसरीवर वाढवू नका, मेंढरांतच ठेवा. सुरुवातीला दोन-तीन गरीब स्वभावाच्या मेंढ्यांजवळ त्याचा आडोसा करा. मारक्या मेंढ्याने एकदा धडक दिली की पिल्लू कळपालाच भिऊ लागतं. माणसाचा हात मात्र त्याला माहीत हवा. नावाने बोलावलं की आलं पाहिजे, गळ्यात पट्टा घालू दिला पाहिजे, सुई टोचू दिली पाहिजे. एवढं माणसाळणं पुरे.

सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा काळ अवघड. अंगात मस्ती असते, ते कोकरांमागे पळतं, कान चावतं, लोकर ओढतं. तिथल्या तिथे दरडावा, तासाभराने मारून त्याला काही समजत नाही. गळ्यात हलकं लोढणं अडकवलं की पळणं आपोआप कमी होतं. अशा कुत्र्याला व्यालेल्या मेंढ्यांत एकटं सोडू नका, मग ते कितीही गुणी वाटो. दोन वर्षांचं झाल्याशिवाय कोकरांची रात्र त्याच्यावर टाकू नये, असं माझं मत आहे.

शक्य असेल तर कुत्री दोन ठेवा. एकटं कुत्रं लांडग्यामागे धावत गेलं की मागे वाघर उघडी पडते. दोन असली की एक धावतं आणि दुसरं कळपाजवळ थांबतं. गळ्यात पत्र्याचा काटेरी पट्टा असू द्या, कारण लांडगा असो वा बिबट्या, तोंड घालतो तो मानेलाच.

विण्याआधीचे सहा आठवडे

पोटातल्या कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. या काळात चाऱ्यासोबत रोज २०० ते २५० ग्रॅम खुराक द्या, भरडलेला मका आणि पेंड चालेल. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. अशा जुळी देणाऱ्या मेंढ्यांच्या खुराकात हात आखडू नका. विण्याच्या महिनाभर आधी आंत्रविषाराची (आतड्यात विष होण्याच्या रोगाची) लस टोचून घ्या, म्हणजे चिकातून ते संरक्षण कोकरालाही मिळतं.

कुत्र्याचंही आत्ताच उरका. रेबीजची लस दरवर्षी टोचायची. पट्टकृमींचं (पोटातल्या चपट्या जंतांचं) औषध डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे द्यायचं. हे फार महत्त्वाचं आहे. कुत्र्याच्या पोटातल्या एका पट्टकृमीची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर पडतात, मेंढीच्या पोटात जातात आणि तिच्या मेंदूत पाण्याची गाठ होते. मग मेंढी एकाच बाजूला मान वाकडी करून गोल गोल फिरत राहते. तशी मेंढी मेली की तिचं डोकं कुत्र्यापुढे टाकायचं नाही. टाकलं की ते चक्र पुन्हा सुरू होतं. मेलेलं जनावर खोल पुरा.

वाघर कशी लावावी

गाभण मेंढ्या शेवटच्या पंधरवड्यात लांबच्या चराईला नेऊ नका. वाघर उंच, कोरड्या जागी, वाऱ्याच्या आडोशाला लावा. ओढा, दाट झुडपं, उभा ऊस यांपासून दूर राहा, तिथून येणारं जनावर कुत्र्यालाही उशिरा कळतं. कुत्र्याची बसायची जागा वाघरीच्या बाहेर, जिकडून वारा येतो त्या बाजूला. संध्याकाळी अंधार पडायच्या आधी त्याला पोटभर भाकरी आणि ताक द्या, पण मेंढ्यांपासून लांब. ताटलीजवळ आलेल्या कोकरावर चांगलं कुत्रंही गुरगुरतं. उपाशी ठेवलेलं कुत्रं जास्त जागतं असं काही जण म्हणतात. मी ते मानत नाही. उपाशी कुत्रं वार, म्हणजे विल्यावर मेंढीच्या पोटातून पडणारी झार, शोधत फिरतं.

मेंढी विताना

कास भरते, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळ्या पडतात, मेंढी कळपातून बाजूला होऊन पायाने जमीन उकरते. तिला तिथेच राहू द्या. आधी पाण्याची पिशवी दिसते, मग पुढचे दोन खूर आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक. असं असेल तर हात लावायची गरज नाही. जोरात कळा देऊन तासभर झाला तरी कोकरू पुढे सरकत नसेल, किंवा एकच पाय अथवा नुसती शेपटी दिसत असेल, तर डॉक्टर बोलवा. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक फोनमध्ये आधीच ठेवा.

कोकरू बाहेर आलं की नाकातोंडावरचा चिकटा बोटाने पुसा आणि ते मेंढीच्या तोंडासमोर ठेवा. तिने चाटायलाच हवं. त्या वासावरून ती आपलं कोकरू ओळखते. या अर्ध्या-पाऊण तासात कुत्रं जवळ येता कामा नये. कळतं कुत्रं स्वतःच लांब बसून पाहतं. आमचा मोती तोंड फिरवून बसायचा, कान तेवढे आमच्याकडे असायचे. नाळ दोन-तीन बोटं ठेवून कापा आणि टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा.

मग चीक. दोन्ही आचळांतून एकेक धार काढून टाका, आत घट्ट बूच असतं. पहिल्या तासातच कोकराच्या पोटात चीक गेला पाहिजे. ३ किलोच्या कोकराला एका वेळी १५० मिलिलिटरच्या आसपास, पहिल्या दिवसात चार वेळा तरी. कोकराच्या तोंडात बोट घालून बघा. तोंड गार लागलं आणि मान टाकलेली असली तर आधी घोंगडीत गुंडाळून, शेकाजवळ धरून ऊब द्या, मान धरू लागल्यावरच पाजा. गारठलेल्या कोकराला जबरदस्तीने पाजलं तर दूध फुप्फुसात जातं.

वार काही तासांत पडते. पडली की लगेच उचला, दोन-तीन फूट खोल पुरा, वर चुना टाका. तिच्या वासाने कोल्हा-लांडगा येतो आणि कुत्र्यालाही चटक लागते. अर्धा दिवस उलटूनही वार पडली नाही तर ओढू नका, डॉक्टरांना दाखवा.

पुढचे दिवस

मेंढी आणि कोकरू दोन-तीन दिवस वेगळं ठेवा. मोठी मेंढरं चरायला गेली की लहान कोकरं वाड्यावर डालग्याखाली राहतात. घरातल्या बाया त्यांचं बघतात, आणि एक कुत्रं त्यांच्याजवळ राहिलं पाहिजे. सगळीच कुत्री चराईला गेली तर भर दिवसाही कोकरू उचललं जातं. शांत, वयस्क कुत्रं वाड्यावर आणि धावणारं कळपाबरोबर, अशी वाटणी करा.

हल्ला झालाच तर मेलेलं जनावर हलवू नका. फोटो काढा आणि लगेच वनविभागाला कळवा. पंचनामा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही. रागाच्या भरात विषाचा तुकडा टाकणं कायद्याने गुन्हा आहे, लांडग्याला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आणि ते विष बहुतेक वेळा आपलंच कुत्रं खातं.

फेब्रुवारीपर्यंत कोकरं चरू लागतात, धडका मारू लागतात. पुढच्या वर्षांसाठी पिल्लू आणायला हीच वेळ चांगली. दोघं बरोबरीने वाढतात, एकमेकांना टेकून झोपतात, आणि दोन हिवाळे उलटले की तीच मेंढी त्या कुत्र्यापासून हाकेच्या अंतरावर बिनघोर विते.