जुन्या वाफेच्या इंजिनाची कुंडली काढायची कशी

नागपूरला मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये नाहीतर एखाद्या स्टेशनबाहेर चौथऱ्यावर वाफेचं इंजिन दिसलं की लोकं सेल्फी काढतात अन् निघून जातात, पण ते विलायतेत कुठल्या कारखान्यात बनलं, कोणत्या साली, कोणत्या रेल्वेसाठी, हे शोधायचं असेल तर चिकाटी लागते बावा, पैसे फारसे लागत नाहीत.

पहिले हे पक्कं करा की केबिनवर रंगवलेला नंबर म्हणजे रेल्वेनं दिलेला रनिंग नंबर, त्याचा भरवसा नाही. बंगाल नागपूर रेल्वेचंच बघा, १९४४ ला सरकारनं घेतली, १९५२ ला ईस्टर्नमध्ये गेली, १९५५ ला साउथ ईस्टर्न वेगळी झाली, अशा भानगडीत नंबर बदलले तर नवल काय. वरून चौथऱ्यावर चढवताना पेंटर काय रंगवेल ते वेगळंच. आपल्याला पाहिजे तो वर्क्स नंबर, कारखान्याचा, तो बदलत नाही.

तो असतो बिल्डर प्लेटवर, म्हणजे कारखान्यानं लावलेल्या पाटीवर. स्मोकबॉक्सच्या (बॉयलरपुढचा धुराचा डबा) बाजूला, सिलिंडरच्या वर नाहीतर केबिनवर पितळेची प्लेट शोधा. रंगाचे थर असतील तर खरवडू नका, मोबाईलचा टॉर्च एकदम आडवा धरा, अक्षरं उठून दिसतात, किंवा कागद ठेवून पेन्सिल घासा. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश या इंजिन कंपनीच्या प्लेटचा आकारही बोलतो: पत्त्यांतल्या चौकटच्या चिन्हासारखी असेल तर क्वीन्स पार्क कारखाना, गोल असेल तर हाइड पार्क. ही कंपनी १९०३ मध्ये नीलसन रीड, ड्यूब्स आणि शार्प स्टुअर्ट मिळून झाली, तिचे वर्क्स नंबर पाच आकडी. प्लेट चोरीला गेली असेल, बहुतेक गेलेलीच असते, तर निदान बोल्टच्या भोकांवरून आकार ओळखता येतो.

खरा माल मिळतो रॉडवर, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दांड्यांवर. कनेक्टिंग रॉड, कपलिंग रॉड अन् व्हॉल्व गिअरच्या (सिलिंडरला वाफ सोडणाऱ्या जोडणीच्या) टोकांवर वाळलेल्या ग्रीसखाली हातोडीनं ठोकलेले आकडे असतात, वाकडेतिकडे, कधी वर्क्स नंबर, कधी जुना रनिंग नंबर. पण वर्कशॉपमध्ये पार्ट सर्रास अदलाबदल व्हायचे, म्हणून एका रॉडवरून निकाल देऊ नका, दोन्ही बाजूंचे सगळे लिहून काढा आणि कोणता नंबर जास्त ठिकाणी येऊन राहिला ते पाहा. बॉयलरचा नंबर तर जवळपास टाकाऊच समजा, बॉयलर बदलायचेच, अन् टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) दुसऱ्याच इंजिनाचं असू शकतं. तिथल्या माणसाला विचारूनच हात लावा, साहेबाला नमस्कार केला की बहुतेक वेळा काम होतं.

सोबत गेज, म्हणजे रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा (ब्रॉड १६७६ मिमी, मीटर १०००, आपल्याकडची नॅरो ७६२), चाकांची मांडणी मोजा अन् मोठ्या चाकाचा व्यास घ्या, त्यानं इंजिनाचे अर्धे क्लास, म्हणजे प्रकार, गळतात.

आता कागद. नॉर्थ ब्रिटिशचं रेकॉर्ड बरंचसं ग्लासगो युनिव्हर्सिटीच्या अर्काइव्हमध्ये आणि तिथल्याच मिचेल लायब्ररीत आहे, बेयर पीकॉक या दुसऱ्या इंजिन कंपनीचं मँचेस्टरच्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये. बंगाल नागपूरचे मोठे गॅरट (एका बॉयलरवर चाकांचे दोन संच चालवणारी इंजिनं) बेयर पीकॉकचेच, एक दिल्लीच्या रेल म्युझियममध्ये उभा आहे. भारतातल्या रेल्वे कंपन्यांचे रिपोर्ट लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये. मेल करताना "आमच्या गावचं इंजिन कुठलं" असं विचारू नका, उत्तर येणार नाही. कारखाना, वर्क्स नंबर, गेज, अंदाजे साल आणि रेल्वेचं नाव, एवढं द्या अन् रॉडच्या आकड्यांचे फोटो जोडा.

साल जुळवताना घाई नको. प्लेटवरचं साल कारखान्याचं, तिथून इंजिन सुटं करून जहाजानं यायचं, इथल्या वर्कशॉपमध्ये जोडलं जायचं, म्हणून रेल्वेच्या यादीत पुढचं साल दिसलं तर ते चूक समजून नंबर फेकून देऊ नका.