वर्षअखेरचे निकाल आणि दाखले : या चुका टाळा

एप्रिल उजाडला की प्राथमिक शिक्षकाचं फळ्यावरचं काम कमी होतं आणि टेबलावरचं वाढतं. दुसऱ्या सत्राचं संकलित मूल्यमापन (म्हणजे सत्राअखेरची तोंडी-लेखी परीक्षा), पेपर तपासणी, निकालपत्रक, प्रगतिपत्रकं, शेवटच्या इयत्तेचे दाखले, यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवरची वर्गोन्नती, पोषण आहाराचा शिल्लक साठा, सगळं एकदम अंगावर येतं. १ मेला झेंडावंदन झालं की पालक निकालासाठी व्हरांड्यात उभे असतात. या घाईत होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ एकच : कामाचा क्रम उलटा लागतो. प्रगतिपत्रक सुवाच्य हवं म्हणून ते आधी लिहायला घेतात, आणि ज्या नोंदवहीवरून ते उतरवायचं ती अजून अर्धी कोरी असते.

नावं हजेरीवरून उतरवू नका

हजेरीपट दर जूनला मागच्या वर्षीच्या हजेरीवरून लिहिला जातो. त्यामुळे पहिलीत कोणी 'ज्ञानेश्वरी'चं 'ज्ञानेश्र्वरी' केलं असेल किंवा वडिलांचं घरातलं नाव लिहिलं असेल, तर ते चौथीपर्यंत तसंच चालत येतं. नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि रजिस्टर क्रमांक हे चार रकाने थेट जनरल रजिस्टरवरून, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची कायमची नोंद असलेल्या वहीवरून भरा. एकाने रजिस्टर वाचायचं, दुसऱ्याने यादीवर टिक करायची; चाळीस मुलांना अर्धा तास पुरतो. एकशिक्षकी शाळा असेल तर सातवीतली धीट वाचणारी मुलगी या कामाला बोलावू नका, कारण रजिस्टरमध्ये जातीचा रकाना असतो.

आईच्या नावाचा एक नवा गोंधळ दिसू लागला आहे. मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा क्रम १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आहे. आज वर्गात बसलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव परस्पर घुसवू नका. त्यांच्यासाठी आईच्या नावाचा वेगळा रकाना आहेच.

हजर दिवसांच्या बाबतीत चूक बहुधा छेदात होते. सप्टेंबरात दाखल झालेल्या मुलासमोरही वर्षभराचे कामाचे दिवस लिहिले जातात आणि बिचारा कागदावर गैरहजर ठरतो. त्याचे कामाचे दिवस प्रवेशाच्या तारखेपासून मोजा.

अर्धा गुण कुठे वाढवायचा?

आकारिक (वर्गात वर्षभर चालणारं मूल्यमापन) आणि संकलित यांचं शंभर गुणांतलं प्रमाण इयत्तेप्रमाणे बदलतं : पहिली-दुसरीला ७०-३०, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला ४०-६०. पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेचं गणित वेगळं आहे, ते पुढे येईलच. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण पूर्ण आकारिक. दोन वर्ग एकत्र सांभाळणारे शिक्षक इथेच घसरतात, कारण दुसरी आणि तिसरी एका खोलीत बसली तरी त्यांचे रकाने एक नसतात.

अपूर्णांकाचं उदाहरण घ्या. तिसरीतल्या एका मुलीला गणितात आकारिकचे ६० पैकी ५०.५, तोंडीचे १० पैकी ७.५ आणि लेखीचे ३० पैकी २१.५ गुण आहेत. बेरीज ७९.५, पूर्णांक ८०, श्रेणी ब-१. आता प्रत्येक तुकड्याला वेगवेगळं वर ढकललं तर ५१ अधिक ८ अधिक २२ म्हणजे ८१, आणि श्रेणी अ-२. मूळ गुण तेच, श्रेणी मात्र बदलली. पूर्णांक करायचा तो फक्त शेवटच्या बेरजेचा, आणि शाळेतल्या सगळ्या वर्गांत तीच रीत हवी. नाहीतर शेजारच्या तुकडीतल्या चुलतभावाचं प्रगतिपत्रक घेऊन पालक येतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

आकारिकचे गुण एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात 'बसवणं' ही तर उघड चूक. लेखी पेपर तपासून झाल्यावर आकारिक लिहिलं की ते नकळत लेखीच्या मागे धावतं. मग वर्गात उत्तम प्रयोग करणारा, पण लिहिताना अडखळणारा मुलगा दोन्हीकडे मार खातो. आकारिकचा रकाना लेखी परीक्षेच्या आधी शाईने भरून मोकळे व्हा.

एक्सेलचा तयार तक्ता : मित्र आणि वैरी

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारी निकालाची शीट वापरायला हरकत नाही, पण तिच्यात पहिल्यांदा एकूण गुणांचा छेद बघा. पहिली-दुसरीला सहा विषय, म्हणजे ६००. तिसरी-चौथीला परिसर अभ्यास वाढतो, म्हणजे ७००. मागच्या वर्षी दुसरीला वापरलेली शीट यंदा तिसरीला घेतली, एक रकाना वाढवला आणि छेद तसाच राहिला, तर ५४६ गुणांच्या मुलाला ९१ टक्के आणि अ-१ मिळते. खरे टक्के ७८, श्रेणी ब-१. अख्खा वर्ग अचानक हुशार दिसायला लागला तर आनंद मानण्याआधी सूत्र उघडून बघा.

दुसरी खोच श्रेणीच्या सीमेवर असते. ७१ ते ८० ब-१ आणि ८१ ते ९० अ-२; मग ८०.२९ टक्के कुठे बसणार? सूत्रात '८० पेक्षा जास्त' अशी अट असेल तर ते अ-२ दाखवतं, '८१ किंवा जास्त' असेल तर ब-१. म्हणून आधी टक्केवारी राउंड सूत्राने पूर्णांकात आणा आणि मग श्रेणी काढा. श्रेणींची सरासरी काढून एकूण श्रेणी ठरवणं तर बंदच करा. एकूण श्रेणी एकूण गुणांच्या टक्केवारीवरून निघते.

मराठी कीबोर्डवरून टाकलेला ४२ हा आकडा एक्सेलला बहुधा अक्षर वाटतो, आणि बेरजेचं सूत्र त्याला गुपचूप वगळतं. कुठलीही सूचना येत नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये हा त्रास नव्हता, कारण तिथे आतला आकडा इंग्रजीच असतो. सोपी ओळख अशी : खरा आकडा चौकोनात उजवीकडे सरकतो, अक्षर समजलेला डावीकडे चिकटतो. तसंच, गैरहजर मुलापुढे ० लिहिलं तर वर्गाची सरासरी खाली येते, 'गै' लिहिलं तर सरासरीचं सूत्र त्याला मोजत नाही. दोन्हींचा अर्थ वेगळा, म्हणून एका शीटमध्ये दोन पद्धती मिसळू नका.

शीट पूर्ण झाल्यावर तीन मुलं निवडा : एक पहिल्या ओळीतला, एक मधला, एक शेवटचा. त्यांची बेरीज वहीवर हाताने करा. सूत्र खाली ओढताना शेवटच्या एक-दोन ओळी सुटणं हा नेहमीचाच प्रकार आहे.

'ती सुंदर चित्र काढतो'

वर्णनात्मक नोंदींची तयार पीडीएफ उतरवली की असली वाक्यं प्रगतिपत्रकात अवतरतात. लिंगाची चूक निदान हसून सोडता येते. त्याहून वाईट विसंगती असते : भाषेत अ-१ आणि 'सुधारणा आवश्यक' या रकान्यात 'वाचन अडखळत करतो'. तपासणीला आलेले केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतात.

नोंद लिहिताना मुलाचं नाव झाकून वाचून बघा. वर्गातल्या दहा जणांना चालेल असं वाक्य असेल तर ते खोडा. 'गणितात प्रगती चांगली' याच्याऐवजी 'हातच्याची वजाबाकी न चुकता करतो, शाब्दिक उदाहरणात कोणती क्रिया करायची हे ठरवताना थांबतो' असं लिहिलं तर पुढच्या वर्गशिक्षकाला जूनमध्ये कुठून सुरुवात करायची ते कळतं. चाळीस मुलांना असं एकदम सुचत नाही. रोज आठ मुलं घ्या, पाच दिवसांत काम होतं.

पाचवी आणि आठवीला श्रेणीची सवय सोडा

२०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आहे. पाचवीला विषयाला ५० गुण आणि उत्तीर्ण होण्यासाठी किमान १८, आठवीला ६० गुण आणि किमान २१. सवलतीचे गुण दिले असतील तर ते मूळ गुणांत विरघळवू नका, वेगळे दाखवा. खरी अडचण येते ती सवयीने सगळ्यांपुढे 'वर्गोन्नत' लिहिल्यावर. अनुत्तीर्ण मुलाची पुनर्परीक्षा व्हायची असते. त्याच्या हातात सहावीत गेल्याचं प्रगतिपत्रक पडलं तर जूनमध्ये त्याला परत बोलावताना पालकांशी भांडण ठरलेलं. निकालाच्या दिवशीच पालकांना बाजूला घेऊन सांगा, पुनर्परीक्षा असल्याची लेखी सूचना द्या आणि पोच म्हणून सही घ्या.

दाखला : इथे घाई सर्वांत महाग

प्रगतिपत्रक दोन वर्षांनी कोणी बघत नाही. शाळा सोडल्याचा दाखला आणि त्यामागचं जनरल रजिस्टर पन्नास वर्षांनीही उघडलं जातं. जात पडताळणीत आजोबांच्या प्राथमिक शाळेतली नोंद पुरावा म्हणून मागतात. त्यामुळे जात-पोटजातीचा रकाना ऐकीव माहितीवर किंवा आडनावावरून भरणं म्हणजे कोणाच्या तरी नातवाचं नुकसान करून ठेवणं. रजिस्टरमध्ये जे आहे तेच अक्षरशः उतरवा. पालक म्हणाले 'गुरुजी, एवढं पोटजातीचं टाका की', तरी नाही. रजिस्टरमधली नोंद सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय बदलता येत नाही. त्यांना पुराव्यासह अर्ज करायला सांगा.

'कोणत्या इयत्तेत शिकत होता व केव्हापासून' हा रकाना सर्वांत जास्त चुकतो. तिथे पहिलीच्या प्रवेशाची तारीख पडते. प्रवेशाची तारीख वर वेगळी लिहिलेली असते. इथे हवं ते 'इयत्ता चौथीत, जून २०२४ पासून', म्हणजे शेवटच्या इयत्तेत तो कधीपासून बसला ते. तसंच शाळा सोडल्याचा दिनांक आणि दाखला दिल्याचा दिनांक एक धरू नका. मुलगा एप्रिलअखेर शाळा सोडतो, पालक दाखला न्यायला जूनमध्ये येतात.

जन्मतारखेचा एक छुपा घोटाळा संगणकावरून दाखले छापणाऱ्या शाळांत होतो. संगणकाची तारखेची मांडणी अमेरिकन, म्हणजे आधी महिना मग दिवस, अशी असेल तर ०९/०७/२०१५ ही ९ जुलैची तारीख आत ७ सप्टेंबर म्हणून साठवली जाते. १५/०७ मात्र जशीच्या तशी राहते, कारण पंधरावा महिना नसतो. म्हणजे १ ते १२ तारखेला जन्मलेल्यांच्याच तारखा बिघडतात, बाकीच्या बरोबर दिसतात, आणि वरवर तपासणाऱ्याला काही कळत नाही. उपाय जुनाच आहे : तारखेचं अक्षरी लेखन सूत्राने काढू नका, रजिस्टर समोर ठेवून हाताने लिहा आणि मग अंकी तारखेशी ताडा.

चूक झालीच तर व्हाइटनर नको, गिरवणं नको. तो दाखला रद्द करून स्थळप्रतीसह (शाळेकडे राहणाऱ्या प्रतीसह) पुस्तकातच ठेवा आणि नवा लिहा. दाखला हरवला म्हणून पुन्हा मागितला तर अर्ज घ्या आणि नव्या कागदावर ठळक 'द्वितीय प्रत' लिहा. दाखला दिला त्याच दिवशी जनरल रजिस्टरच्या शेऱ्यात त्याचा क्रमांक आणि तारीख चढवा. हे 'नंतर करू' म्हणून राहिलं की पुढच्या वर्षी तोच दाखला मूळ प्रत म्हणून दुसऱ्यांदा दिला जातो.

दाखला अडवून ठेवणं मात्र चालत नाही, मग ग्रंथालयाचं पुस्तक परत आलेलं नसो की आणखी काही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार मुख्याध्यापकाने तो तत्काळ द्यायचा असतो. नव्या शाळेलाही दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

पोर्टलवरची वर्गोन्नती

यू-डायस प्लसवर प्रत्येक मुलापुढे निकाल, टक्केवारी, हजर दिवस आणि पुढे तो कुठे शिकणार ही माहिती भरावी लागते. चौथीपर्यंतच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलापुढे चुकून 'याच शाळेत' निवडलं की तो ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या पोर्टलवरच्या यादीत जात नाही, आणि पाचवीची शाळा त्याचा पेन क्रमांक (मुलाचा कायमचा शैक्षणिक क्रमांक) टाकून थकते. जूनमध्ये 'सर, आमचा मुलगा सोडा ना' असे फोन येतात ते यामुळेच. दाखल्यावर पेन क्रमांक लिहून द्या, पुढच्या शाळेचा निम्मा त्रास वाचतो. वर्ग फायनल करण्याआधी यादीचा प्रिंट काढून निकालपत्रकाशी जुळवा. फायनल झाल्यावरच्या दुरुस्तीसाठी गटसाधन केंद्राच्या, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण कार्यालयाच्या, पायऱ्या झिजवाव्या लागतात.

तांदूळ आणि कुलूप

पोषण आहाराची शिल्लक वहीवरून नव्हे, वजनकाट्यावरून लिहा. पहिली ते पाचवीला दर मुलामागे १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ. ३८ मुलांना ३ किलो ८०० ग्रॅम. स्वयंपाकीण ताई मापाने भांडं भरतात, वही ग्रॅमने चालते, आणि वर्षभरात फरक साठतो. पोत्याचं वजन वजा करायला विसरलं तर तो आणखी फुगतो. तूट दिसली तर आकडे जुळवत बसू नका; मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला दाखवून नोंद करा. उरलेली पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा, नाहीतर जूनमध्ये सोंडे निवडण्यात पहिला आठवडा जातो.

शेवटच्या दिवशी मेन स्विच बंद करतात, पण टीव्हीची डिश आणि इंटरनेटची वायर तशीच जोडलेली राहते. मेमधल्या वळवाच्या पावसात वीज त्या वायरीतूनही आत येते, तेव्हा दोन्ही काढून ठेवा. जनरल रजिस्टर असलेलं कपाट पत्र्याच्या गळक्या जागेखाली नाही ना ते बघा आणि सर्वांत खालचा कप्पा रिकामा करा. बदलीची शक्यता असेल तर चार्ज यादी (पुढच्या शिक्षकाकडे सोपवायच्या गोष्टींची यादी) सुट्टीच्या आधीच लिहा : दाखल्यांच्या पुस्तकातले वापरलेले आणि कोरे क्रमांक, रजिस्टरचा शेवटचा क्रमांक, साठ्याची वजनं आणि किल्ल्या कोणाकडे ते. आदेश आला की दोन दिवसांत मोकळं व्हावं लागतं, आणि तेव्हा कोऱ्या दाखल्यांचे क्रमांक आठवून सांगता येत नाहीत.