कोर्सचं पत्रक: पहिल्या आठवड्यात हातात द्यायची दोन पानं

संलग्न महाविद्यालयात शिकवणाऱ्याला अभ्यासक्रम बदलता येत नाही. तो विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडून युनिटं आणि क्रेडिट ठरूनच येतो. आपल्या हातात असतं ते पहिल्या आठवड्यात वाटायचं पत्रक. बहुतेक विभागांत विद्यापीठाच्या पीडीएफची झेरॉक्स देऊन मोकळे होतात. त्यात युनिटं सगळी असतात, पण तास बुडाला तर काय करायचं आणि सरांना कधी भेटायचं, हे कुठेच नसतं. मग ज्याच्या घरी विचारायला कोणी शिकलेलं आहे त्याला ते कळतं, बाकीचे सत्राच्या शेवटी “सर, माहीत नव्हतं” म्हणतात.

पत्रक लिहायच्या आधी वर्गात कोण बसलंय ते पाहा. पहिल्या तासाला बिननावाची चिठ्ठी घ्या. प्रश्न पाचच: कॉलेजला यायला किती वेळ लागतो आणि कशाने येता, बारावी कोणत्या माध्यमातून झाली, घरी कोणती भाषा बोलता, फोन स्वतःचा की घरात एकच, रोज किती तास काम करता. जात आणि उत्पन्न विचारू नका, कॉलेजच्या फॉर्मवर ते आधीच भरलेलं असतं. सोलापुरात एकाच वर्गात शहराच्या पूर्व भागातली तेलुगू बोलणारी मुलं, अक्कलकोटकडची कन्नड घरातली, उर्दू माध्यमातून आलेल्या मुली आणि मोहोळहून एसटीने येणारे निघतात. म्हणून पहिल्या आठवड्यात कच्चं पत्रक द्या आणि पक्कं दुसऱ्या आठवड्यात छापा.

तासांचा हिशेब खरा मांडा. ४ क्रेडिटच्या थिअरीला ६० तास, म्हणजे आठवड्याला ४ धरले तर १५ आठवडे. आखणी मात्र ५२ तासांचीच करा. आषाढीला एसटी पंढरपूरकडे वळतात, नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, जानेवारीत गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा असते. रमजान दरवर्षी सरकतो, तो कॅलेंडर बघूनच टाका. या दिवसांत चाचणी किंवा असाइनमेंटची तारीख ठेवली की गैरहजेरी ठरलेलीच, आणि नंतर फेरचाचणीचं काम आपल्याच गळ्यात.

सगळ्यात जास्त वेळ नियमांच्या भाषेवर घालवा. नेहमीचं वाक्य असं असतं: “७५ टक्क्यांपेक्षा कमी उपस्थिती असणाऱ्यांस परीक्षेस बसू दिले जाणार नाही. कोणतीही सबब ऐकली जाणार नाही.” हे वाचून अडचणीतला मुलगा सांगायला येत नाही, तो यायचाच बंद होतो. तेच असं लिहा: “हजेरी ७५ टक्के लागते. ६० पैकी १५ तास बुडाले तरी चालतं, सोळावा बुडाला की अडचण. एसटी वेळेत येत नसेल, घरी आजारपण असेल, नळाला पाणी येण्याच्या दिवशी घरी थांबावं लागत असेल, तर ८ तास बुडायच्या आत येऊन सांगा.” नियम तसूभरही सैल झालेला नाही. फक्त आकडा कळला आणि दार कुठे आहे ते कळलं. पण हजेरी माफ करणं आपल्या हातात नसतं, तेव्हा तसं सुचवणारा शब्दही लिहू नका.

उशिराच्या असाइनमेंटचंही तसंच. “कारण योग्य वाटल्यास मुदतवाढ” असं लिहिलं की धीट मुलं मागतात, बुजरी गप्प बसतात. त्याऐवजी प्रत्येकाला सत्रात दोनदा ४८ तासांची सवलत द्या, कारण न विचारता. घरातला एकुलता फोन दिवसभर वडिलांबरोबर कामावर असतो, म्हणून संध्याकाळी ५ ची ऑनलाइन मुदत नको. फाइल पाठवा किंवा हाताने लिहून सकाळच्या पहिल्या तासाला आणा, दोन्ही चालेल, असं स्पष्ट छापा.

युनिटं बदलता येत नसली तरी उदाहरणं आपलीच असतात. सविनय कायदेभंग शिकवताना १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ घ्या. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा ही नावं पत्रकातच त्या आठवड्यासमोर दिसू द्या. अर्थशास्त्रात भौगोलिक मानांकन आलं की सोलापुरी चादर, असंघटित कामगार आले की विडी. इथे एक चूक फार होते: “तुझी आई विड्या वळते ना, सांग बरं वर्गाला.” उदाहरण शिक्षकाने द्यायचं असतं, मुलीला उदाहरण करायचं नसतं.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी “नियमानुसार सवलत” एवढं पुरत नाही. लेखी परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो, अर्ज कोणत्या खिडकीवर आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहा. वर्गात हात वर करायला सांगू नका.

फाइल युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये न बदलता दिला, तर फोनमधलं टॉकबॅक, म्हणजे अंध विद्यार्थ्याला स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, तो वाचताना नुसती अक्षरांची खिचडी ऐकवतं. कागदाचा फोटो काढून केलेल्या पीडीएफमध्ये तर त्याला वाचायला अक्षरंच नसतात. अक्षर १४ पॉइंट, फाइल १ एमबीच्या आत. पुस्तकांपुढे किंमत आणि ग्रंथालयात किती प्रती आहेत तेही टाका.

छापण्याआधी पत्रक वर्गातल्याच कोणा विद्यार्थ्याच्या हातात द्या आणि तीन गोष्टी शोधायला सांगा: पहिली असाइनमेंट कधी, ती किती गुणांची, आजारी पडलो तर काय करायचं. प्रत्येक गोष्टीला अर्धा मिनिट. जिथे बोट अडखळेल, ती ओळ पुन्हा लिहा.